मनगटात रुतलेल्या बांगड्या

अमरावती, माघ महिना, सन १९३६

प्रिय वच्छलाबाई,

जवाईबुवाच्या डोक्यावर बसून राज्य करणाऱ्या माह्या लेकीले मायचे लाड. पुढं वाचाच्या आधी, हा कागद घेऊन आलेल्या शालिकराममामाले ताक दे. हिवरखेडपर्यंत मोटरीची धूळ खाऊन आला असन बिचारा. तू बसून वाच, घाई नको करू.

इथं दवाखान्यामागं संत्र्याचा बगीचा फुलला हाय. दुपारी खिडकीतून असा वास येते का पुस्तक हातात अन् डोळा लागते, अन् मी आपल्या नांदगावच्या मळ्यात जाऊन पोचते. तू वाफ्यात बसली दिसते. दोडक्याच्या वेलाचे तणावे तोडून मनगटाले गुंडाळून राहिली, अन् मले म्हणते, माय, पाह्य माह्या बांगड्या! मी रागावली, का वेलाले दोडके धरू दे, नाई तर तुलेच पाटीत घालून बाजारात बसवीन. तुहा बाप मोटेवरून हसत होता. त्याचं हसू अजून त्या वासात हाय.

तो गेल्यावर लोक म्हणले, आता या बाईनं कोपरा धरावा. मी सुईणीचं शिक्षण धरलं. चौथी पास बाई, अन् बाजूच्या बाकावर वकिलाची अनुपमा, तुह्याएवढी. ती डोळे मिटून पाठ करते, मी भाजी निवडता निवडता. नाडी कशी मोजाची, हात कोपरापर्यंत कसे धुवाचे, कैची किती उकळाची, सगळं मेथीच्या जुडीवानी बांधून ठेवलं डोक्यात. अनुपमा म्हणे, माई, तुमी पहिल्या येता. मी म्हणलं, मंग तुह्या बापाले माह्यासाठी लुगडं आणाले सांग.

मागच्या आठवड्यात तुहं पत्र आलं. सातव्या महिन्यात भरलेल्या हिरव्या बांगड्या आता मनगटात फिरत नाईत, सकाळी तोंड फुगते, डोकं ठणकते, डोळ्यापुढं काजवे चमकते. सासू म्हणते, अंग भरलं, पोरगाच हाय. मी अनुपमाले वाचून दाखवलं, दोघी हसलो, अन् मी तुले लिवलं, का बाई, साखरभात कमी हाण! तू फुगून बसली असशीन. फुगाचंच होतं वं.

आज सकाळी तोंडी परीक्षा झाली. डॉक्टरीणबाईनं इचारलं, आठव्या महिन्यातली बाई, हाताले तोंडाले सूज, डोकेदुखी, डोळ्यापुढं चमका, काय करशीन? मी पोपटावानी सुरू. लघवी नळीत तापवून पाहीन, फाटलेल्या दुधावानी झाली त धोका. अंधाऱ्या खोलीत कुशीवर निजवीन, गडबड होऊ देणार नाई, डॉक्टरले बोलावीन, नाई त झटके येतात अन्... मले त्या बाईचं मनगट दिसलं, अन् त्यावर दोडक्याचे तणावे होते. पुस्तकातली बाई मी ओळखली, माही लेक नाई ओळखली.

मी उठली. अनुपमा मागून ओरडे, माई, अर्धे प्रश्न बाकी हायेत! राहू दे. नापास झाली त पुढच्या साली तुह्या पोट्ट्याले मांडीवर घेऊन बाकावर बसीन.

तू दचकली का डोकं जास्त ठणकन, म्हणून आधी तुले बगीचा दाखवला. तू वाचून राहिली तवर मामानं तुह्या सासऱ्याले सांगितलं असन. आता त्याच्याच संगं मोटरीनं अकोल्याले ये, तुले तेच जवळ पडते. मी बडनेऱ्याहून आगगाडीनं पुढं जाऊन दवाखान्यात खाट धरून बसीन. वाटेत लोणचं मागू नको, मिठानं सूज वाढते. अन् निघाच्या आधी बांगड्या काढ. साबणानं निघत नसन त फोड. सासू म्हणन, पांढऱ्या कपाळाची माय लेकीचा चुडा फोडाले लावते. म्हणू दे. माह्या फोडल्या तवा मले कोणी इचारलं नोतं. तुह्या फोडाले मी हात जोडून सांगून राहिली, तुहा धनी बाजूले उभा हाय तवर. मनगटाले हळदीचा दोरा बांध अन् ये. नव्या हिरव्या बांगड्या माह्या पिशवीत हायेत. मोठं माप घेतलं नाई, तुह्या जुन्याच मापाच्या घेतल्या.

तू येशीन तवा अकोल्याच्या दवाखान्याच्या दारात उभी,
तुहीच माय