पिवळ्या पिंपाजवळचं पाणी

प्रिय पुनम,

फोन तू उचलत नाहीस, धक्क्यावर समोर आले की पाठ फिरवतेस, म्हणून हा जुना मार्ग. निबंधाचं नाव काढलं की पोटात दुखणारी रश्मी चक्क पत्र लिहिते आहे, म्हणजे काहीतरी बिनसलं आहे, एवढं तरी तुझ्या ध्यानात येईल. हे तुझ्या रुखमाबाई आजीच्या हाती देणार आहे. तिला वाचता येत नाही, पण तू वाचल्याशिवाय तुला जेवायला वाढायचं नाही, असा शब्द मी तिच्याकडून घेतला आहे. तेव्हा भूक लागली असेल तर मुकाट्याने पुढे वाच.

देवराव सर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोन शिडाच्या होड्या घालून चंद्रपूरहून आले तो दिवस आठवतो? नेव्हीतून निवृत्त झालेला माणूस स्वस्थ घरी बसेल की नाही, तर खैरबोडीच्या जलाशयावर पोरापोरींना वारा ओळखायला शिकवायला आला. सगळे नियम त्यांनी आपल्या बोलीत उतरवले. पुढच्या होडीच्या शिडाने खाऊन टाकलेला, आपल्याला उरलेला वारा तो ‘शिळा वारा’. वळणाची खूण म्हणून पाण्यात तरंगत ठेवलेल्या पिंपाशी दोन होड्या एकदम पोचल्या, तर पिंपाच्या बाजूला असलेल्या होडीने ‘पाणी दे’ म्हणून ओरडायचं आणि बाहेरच्या होडीने जागा सोडायची. काठावर धुणं धुणाऱ्या बायका हसून बेजार व्हायच्या. चहूकडे पाणी आणि या पोरी पाणीच मागतात! तुझी आजी मात्र हसली नाही. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बरोबर हाय. मागणाऱ्याले पाणी नाई म्हनू नये. मंग तो कोनी बी असो.” ते कुणासाठी होतं हे तुलाही कळलं आणि मलाही. त्याच संध्याकाळी तिने मला तुमच्या घरात, तुमच्याच तांब्याने पाणी दिलं आणि तुझी काकू उठून आत निघून गेली. मी ते कधी विसरले नाही. तुला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते.

तेव्हा आपण दोघी एकाच होडीत होतो. तू सुकाण्यावर, मी दोऱ्यांवर. ‘माही दोरीवाली’ म्हणायचीस मला, आणि वर तोरा असा की जिंकलो तर सुकाण्यामुळे, हरलो तर दोरीमुळे. डाव मात्र तुझेच असत, हे कबूल. वळल्यासारखं करून न वळणं, मागच्याला शिळ्या वाऱ्यात कोंडून ठेवणं, आणि सगळ्यांत नामी म्हणजे मोहाची थाप. तुझ्या आजोबांच्या वाट्याचं मोहाचं झाड जुन्या गावाबरोबर धरणात बुडालं, आणि शर्यतीचं पिवळं पिंप नेमकं त्याच्या शेजारी. दुसऱ्या होडीतला राजदीप आपल्या बाजूने पुढे सरकू लागला की तू ओरडायचीस, “अरे, मोह! मोह!” बुडालेल्या झाडाला होडी थटेल म्हणून तो बिचारा बाहेर पळायचा आणि आपण पिंपाला घासून पुढे. त्या वेळी मोहावर दोन पुरुष पाणी होतं. सरांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले की थाप अशी मारावी की खरं बोलायची वेळ आली तर अडचण होऊ नये. आपण त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल केली. आता सर नाहीत, आणि अडचण आली आहे.

एकटीच्या होड्या आल्या तेव्हा आपण वेगळ्या झालो. भोपाळच्या शिबिराला शर्यत जिंकणारी एकच मुलगी जाणार, त्याला तू काय करणार आणि मी तरी काय. क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांनी भांडण नको म्हणून तुला सकाळचा सराव दिला, मला संध्याकाळचा. म्हणून संध्याकाळचा जलाशय तुला माहीत नाही. यंदा पाणी फार उतरलं आहे. जुन्या शाळेची भिंत उघडी पडली आहे, तिच्यावर बगळे बसतात. पलीकडच्या काठाला पाण्यापासून झाडीपर्यंत नुसता चिखल, आणि परवा त्यावर वाघाचे ठसे पाण्याकडे जाताना दिसले, परत येताना दिसले नाहीत. संध्याकाळी जंगलाकडून वारा सुटतो, मग पिंपाशी येऊन एकदम पडतो. सगळं गप्प होतं. मला तिथे एकटीला थांबवत नाही.

तरी गेल्या आठवड्यात मी तिथेच होते. खरं कारण सांगते. तुला पिंपाच्या बाजूने शिरू द्यायचं नाही, म्हणून पिंपाला अगदी चिकटून वळायचा सराव करत होते. एकट्याने फिरताना कुणी इतकं जवळून जात नाही. शेजारी दुसरी होडी असली की मगच जातो. होडीच्या पोटातून खाली पाण्यात उतरणारी फळी कशाला तरी अडकली आणि होडी जागच्या जागी थांबली. गाळ असेल म्हणून मी वाकून पाहिलं. हातभर खाली मोहाची फांदी होती, आणि तिच्यावर वर्षानुवर्षं वाहून आलेली नायलॉनची जाळी, थरावर थर, हिरवी झालेली. त्यात एक पाणकावळा होता. पंख पसरलेले, चोच वर. लाटेबरोबर तो जरा जरा हलत होता, म्हणून आधी मला जिवंतच वाटला. फळी सोडवायला हात घातला तर घड्याळाचा पट्टा जाळीत गेला. सोडवायला जावं तितका तो आत ओढला जात होता. मी पाण्याबाहेर होते, तरी हात सुटेपर्यंत श्वास धरून होते.

मी गप्प बसले नाही, पुनम. मासेमार डोमाभाऊंनी दिलेला बांबू तिथे रोवला, त्याला लाल फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी तो उपटलेला. शर्यतीच्या वाटेत खुणा करता येत नाहीत म्हणे. सेक्रेटरीसाहेबांनी मोटरबोट पाठवून पाहणी केली, पण भर वाऱ्यात पाण्याखालचं काय दिसणार? पाहुणे येणार, मंडप पडला, पिंप हलणार नाही. मग मी धक्क्यावर सगळ्यांदेखत तुलाच सांगितलं, आणि तू काय म्हणालीस? “रश्मे, मोहाची थाप मीच तुले शिकवली. आता मलेच देऊन राह्यली का?” सगळे हसले. राजदीप तर जोरजोरात हसला, त्याचा हक्कच आहे. मला राग आला नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि याचीच मला भीती वाटते.

उद्याची शर्यत मला आत्ताच दिसते आहे. आपण बरोबरीत आहोत, बाकीचे पार मागे राहतील. पिंपाशी माझा वारा पडेल, तुला मागून झुळूक मिळेल. तू माझ्या आणि पिंपाच्या मधे घुसशील, होडीच्या तळाशी असलेल्या पट्ट्यात पाय अडकवून होडीबाहेर पाठीवर झुकशील आणि ‘पाणी दे’ म्हणून ओरडशील. नियमाप्रमाणे मला द्यावंच लागेल. तुझ्या आजीच्या नियमानेही. फळी जाळीत अडकली की होडी उलटेल, शीड वरून पडेल, आणि पाय पट्ट्यात. मोटरबोट पाहुण्यांना घेऊन धक्क्याशी उभी असेल. जन्मभर मी तुला काहीही देईन, पण ते पाणी मला तुला द्यायचं नाही.

फडक्यात बांधलेलं जे जड काही या पत्रासोबत आजीने दिलं असेल, ते आता सोड. माझ्या सुकाण्याची खिळी आहे. क्लबात दुसरी नाही. तुझी मोडली होती तेव्हा चंद्रपूरहून घडवून आणेपर्यंत तू किती रडली होतीस, ते मला माहीत आहे. तिच्याशिवाय माझी होडी धक्का सोडणार नाही. पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही. मला भोपाळला जायचं होतं, पुनम, फार जायचं होतं. पण थाप मारणारी कधी स्वतःचं सुकाणू पाठवत नाही, एवढं तरी तू मानशील. मी नसले की तुला पिंपाला घासायची गरजच उरणार नाही. तरी सवय वाईट असते. उद्या पिंप जवळ आलं की तोंडून आपोआप ‘पाणी दे’ निघेल, तेव्हा द्यायला शेजारी कुणी नसेल. बाहेरून वळ.

अजूनही तुझीच,
दोरीवाली रश्मी