अप्पांचं शिवणकाम

अप्पा, आज सकाळी मी कुर्त्याचं कापड बेतलं. फिकट निळं, सुती. बिनकॉलरचा गळा, कोपरापर्यंत बाही, दोन्ही बाजूंना खिसे. दिल्लीतल्या द्वारकेच्या या सहाव्या मजल्यावर एप्रिल संपायच्या आतच भिंती तापतात आणि बाजारातले तयार कुर्ते अंगाला चिकटतात, म्हणून दर उन्हाळ्याला दोन-तीन घरीच शिवते. कात्री हातात घेतली की तुम्ही आठवता, त्यात नवीन काही नाही. पण आज वाटलं, मला काय काय आठवतंय ते एकदा तुम्हालाच सांगावं.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्या, खिडकीखाली तिचं हाताचं मशीन, त्यावर जुनी चादर. तो हिवाळा स्वेटरखाली निभावून गेला. होळी झाली, स्वेटर उतरले आणि कळलं की माझा एकही फ्रॉक मला होत नाही. मग एका रविवारी तुम्ही ती चादर काढता. समोर माझा सगळ्यांत घट्ट झालेला फ्रॉक, आईनं शिवलेला; तुमच्या हातात दाढीचं पातं. तुम्ही मला विचारता, "हा उसवू का? आतून कसा जोडलाय ते बघायचंय." मी मान हलवते. तरी बराच वेळ तुम्ही पातं टाक्याला लावत नाही. नुसती शिवणीवरून बोटं फिरवत बसता. मग सावकाश एकेक टाका उसवता, सुटे झालेले तुकडे वर्तमानपत्रावर मांडता, चारी बाजूंनी थोडं वाढवून पेन्सिल फिरवता आणि मग नवी पिवळी मलमल कापता. आईचे ते तुकडे तुम्ही इस्त्री करून घडी घालून ठेवले. पुन्हा जोडले मात्र नाहीत.

पहिल्या फ्रॉकच्या बाह्या उलटसुलट लागल्या. समोरच्या क्वार्टरमधल्या पंजाबी चाचींनी ते व्हरांड्यातूनच ओळखलं. "भाईसाहब, आस्तीन उलटी लगा दी आपने। बच्ची हाथ कैसे उठाएगी?" मी हात वर करून पाहिला, तर अख्खा फ्रॉक वर चढला. तुम्ही "अच्छा" म्हणालात आणि मला आत नेऊन दोन्ही बाह्या उसवून पुन्हा लावल्यात. दुसऱ्या दिवशी तोच फ्रॉक घालून मी पहाडगंजच्या शाळेत गेले. वर्गातल्या मुलींनी विचारलं, कुठून आणला? मी म्हणाले, अप्पांनी शिवला. त्यांना ते खरं वाटलं नाही.

मे महिन्यात पुण्याहून आत्या आली ती मला न्यायचं ठरवूनच. जेवणं झाल्यावर तुम्ही दुसऱ्या फ्रॉकला हातानं दुमड घालत होतात आणि ती तुमच्याकडे बघत होती.

"दिल्लीत शिंपी मिळत नाहीत का रे?"

"मिळतात. मलाही जमतंय हळूहळू."

"आज फ्रॉक शिवशील. उद्या मुलगी मोठी होईल, तेव्हा काय करशील? तू दिवसभर ऑफिसात. तिला मी घेऊन जाते. माझ्या मुलींबरोबर वाढेल."

तुम्ही मान वर केली नाहीत. "तिलाच विचार, अक्का."

"एवढ्याशा पोरीला काय विचारायचं?"

"तरी विचार."

आत्यानं मला जवळ घेतलं. येतेस ना पुण्याला, म्हणाली. खरं सांगायचं तर मला जावंसं वाटत होतं. तिथं बहिणी होत्या, शेजारीपाजारी सगळे मराठी बोलत आणि दुपारी शाळेतून आल्यावर स्वतः कुलूप उघडावं लागलं नसतं. मी तुमच्याकडे पाहिलं. सुई कापडात अर्धी गेलेली होती आणि तुमचा हात थांबला होता. मी म्हणाले, "माझा फ्रॉक व्हायचाय."

आत्या हसली. "अगं, तिथं मी शिवून देईन."

"नको. अप्पा शिवतायत."

तिनं पुन्हा विचारलं नाही. चार दिवसांनी गाडी सुटताना खिडकीतून ती तुम्हाला एवढंच म्हणाली, "बाह्यांचे मुंढे जरा सैल ठेवत जा. वाढतं वय आहे." तुम्ही "हो" म्हणालात. घरी येताना टांग्यात तुम्ही माझा हात सोडला नाहीत.

पुढं मीच शिवायला लागले. पहिली कमीज मी कापड न भिजवताच कापली आणि धुतल्यावर ती आखूड झाली, तेव्हा तुम्ही रागावलात. "कापडाला आधी आटू द्यायचं असतं. घाई केलीस तर ते अंगावर आटतं." तुम्ही माझ्यावर आवाज चढवल्याचं मला हे एकच आठवतं. संध्याकाळी त्याच कमीजीला खाली तुमच्या जुन्या धोतराची पट्टी लावून दिलीत, आणि ती कमीज मी पुढं दोन उन्हाळे घातली.

माझ्या लग्नाचे ब्लाऊज मात्र शिंप्याकडे टाकायचे ठरले. तुम्ही दुकानात आला नाहीत, बाहेर फुटपाथवर उन्हात उभे राहिलात. बसमध्ये मी कारण विचारलं, तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत सांगितलंत, "तुझ्या पहिल्या फ्रॉकसाठी मी शिंप्याकडेच गेलो होतो. कापड दिलं. तो म्हणाला, साहब, बच्ची की माँ को भेज दीजिए, वो ठीक से समझा देंगी. तो भला माणूस होता, त्याला काय माहीत. पण मला उत्तर देता आलं नाही. कापड उचललं आणि घरी आलो."

इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्हाला हौस होती. आपला स्टॉप आला, तुम्ही कापडाची पिशवी माझ्याकडून घेतलीत आणि आपण उतरलो.

आता तुम्हीही नाही आणि हे पत्र जाणार कुठंच नाही, तेव्हा एक सांगून टाकते. सोसायटीतल्या बायका मला म्हणतात, "तुम्हाला शिवणाची फार आवड दिसते." मी हो म्हणते. मला आवड नाही हो, अप्पा. कधीच नव्हती. दुपारी फ्लॅटमध्ये एकटी असले की मशीन चालवते, म्हणजे घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं.