दोन होड्यांची नाव

आषाढ वद्य ३, शके १८५१

आप्पारावभाऊजींनी काल चावडीत सांगितलं — "जोडनाव माझ्या डोक्यातून निघाली!" आमचे हे तिथेच होते, ते सगळं ऐकून घेऊन पान चघळत घरी आले. धाकट्या भावाला एका शब्दाने टोकलं नाही!

नाव माझी. वडिलांच्या जुन्या मासिकात दूरच्या बेटांवरच्या होड्यांचं चित्र होतं — दोन अरुंद होड्या, मधे आडवे वासे, वर फळ्या, एक शीड. गेल्या श्रावणात गावच्या गंगेत नाव कलंडून तीन जीव गेले, तेव्हा ते आठवलं. जुन्या पंचांगाच्या कोऱ्या बाजूवर आकृती मी काढली. घाटावर नाव चालवणाऱ्या सटवा भोयाला बोलावून समजावलं मी. भाऊजी तेव्हा हसत होते — "वहिनी, पोळ्या लाटा."

आषाढ वद्य ५

सटवाने नाव बांधली, पण माझं ऐकलं नाही! वासे जोडायला मी लोखंडी बोल्ट सांगितले. त्याने अंबाडीचे दोर आवळले. मी चिडले. तर म्हणतो, "बाईसाब, दोनी होड्या येगळ्या लाटंवर चढत्यात. जखडल्या तर वासा मोडंल. जरा हलाया पायजे." मासिकात हे नव्हतं.

चालली मात्र! पश्चिमेचा वारा शिडात आडवा भरला. साधी नाव एका अंगावर झुकली असती. ही पाटासारखी सपाट. शेळ्यासुद्धा उभ्या! वीतभर पाण्यातून थेट काठाला. जुन्या नावेला पार जायला जपाच्या पाच माळा लागतात, हिला दोनच.

आषाढ वद्य ६

शनिवारचा उपास. डोकं मात्र शांत नाही.

आषाढ वद्य ८

तहसीलदारसाहेब नाव बघायला येणार. ज्याची नाव, त्याला घाटाचा तीन वर्षांचा इजारा, म्हणजे उतारू नेण्याचा ठेका. भाऊजींनी अर्ज दिलासुद्धा! त्यांना मिळाला तर सटवाने काय करायचं? तीन पिढ्या या घाटावर काढून भाऊजींची हमाली?

मीही अर्ज लिहिला, आकृती जोडली. ह्यांना म्हटलं, कचेरीला उर्दूच लागते, उतरवून तुमची सही करा.

"सख्ख्या भावाविरुद्ध?"

"खऱ्याच्या बाजूने!"

केली एकदाची.

आषाढ वद्य १२

भाऊजी स्वतः सुकाणूवर बसले! साहेबांसमोर ऐटीत नाव वाऱ्याच्या तोंडावर वळवायला गेले. दोन होड्यांची नाव अशी झटकन वळते होय? मधेच थबकली. शीड फडफडायला लागलं, धार खाली ओढायला लागली. हे नावेतच होते — म्हणाले, साहेब फळी धरून "या अल्लाह!" करत होते. सटवाने उडी मारून शीड उलट्या अंगाला ताणून धरलं, तेव्हा कुठे तोंड फिरलं.

काठावर साहेबांनी विचारलं, "ये किसने सिखाया?"

"आज्यानं, सरकार. आसंच दोन होड्या बांदून म्हसरं न्यायचा."

मी घाटावर बायकांत उभी. भाऊजींचं उतरलेलं तोंड बघून इतकं बरं वाटलं! देवा, क्षमा कर. पण वाटलं.

श्रावण शुद्ध ३

हुकूम आला. इजारा आमच्या नावे! सटवाला निरोप धाडला, तो लगेच आला. ओट्याखालीच थांबला, पागोटं हातात.

"बाईसाब, मला नावंवर कामाला ठिवताल न्हवं?"

तो गेल्यावर अर्जाची नक्कल काढून वाचली. सटवाचं नाव त्यात कुठेच नाही.