उतरल्यावर शिक्का

५ जानेवारी, सोमवार

सकाळी सुनीताचा फोन. तिकिटं काढली म्हणाली, हिचं आणि माझं. २ फेब्रुवारी. मी विचारलं, व्हिसा कधी येणार. पोरगी हसली. "बाबा, मालदीवला आधी व्हिसा लागत नाही. विमानातून उतरलं की खिडकीवर शिक्का मारतात. तोच व्हिसा."

म्हणजे आधी दुसऱ्याच्या देशात पाय ठेवायचा आणि मग विचारायचं, येऊ का. मला पटेना. पण तिला आठवा लागलाय. तिकडं बेटावरच्या दवाखान्यात नर्स आहे, जावई दिवसभर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. जवळ बाईमाणूस कोणी नाही.

ही अंगणात बोंबील वाळत घालत होती. सांगितलं. "मग जाऊ की," म्हणाली. जशी डहाणूच्या बाजारात टोपली घेऊन निघाली.



८ जानेवारी, गुरुवार

रेशनला गेलो. यंत्रावर अंगठा ठेवला, पुसून ठेवला, दुसरा ठेवला. लाल दिवा. दुकानदार म्हणाला, "काका, तुमच्या बोटांवर काही उरलंच नाही. काकूंना पाठवा." रांगेतून कोणीतरी म्हणालं, "चोरीला बरं आहे, ठसा सापडायचा नाही." सगळे हसले. मीही हसलो.

घरी येऊन उन्हात बोटं बघितली. खरंच गुळगुळीत. आधी जाळ्याच्या दोरांनी खाल्ली, आता मिठानं. हिच्याबरोबर मासळी खारवायला बसतो ना रोज.

शेजारचा दामू दुबईला जाऊन आलाय. त्यानं सांगितलं होतं, विमानतळावर दहाही बोटं काचेवर ठेवायला लावतात. आपल्या गावचं यंत्र मला ओळखत नाही, तिकडचं काय ओळखणार. उतरवून घेतलं आणि बोटं उमटली नाहीत तर?

खारवणं बंद. खोबरेल लावायला सुरुवात.

११ जानेवारी, रविवार

तलासरीला जाऊन आलो. जावयाचा मोठा भाऊ किशोर, हायवेला त्याचं झेरॉक्सचं आणि तिकिटांचं दुकान. त्यानंच आमचं सगळं केलंय. पासपोर्ट, परतीचं तिकीट, राहायचा पत्ता, ओळीनं मांडून दाखवलं.

"काका, तुम्ही टुरिस्ट."

"मी?"

"मग काय. तीस दिवसांचे पाहुणे. एवढं दाखवायचं आणि आत जायचं. काही देशांत तर रस्त्यावरच्या नाक्यावर देतात. माणसं चालत येतात, फोटो देतात, पैसे भरतात आणि चालत पलीकडे."

"आणि नाही मारला शिक्का तर?"

"तर त्याच विमानानं परत. खात नाहीत कोणी. आता सगळं कॉम्प्युटरवर जोडलेलं असतं, घाबरू नका."

त्याला वाटलं मला धीर आला. बोट चालवणारा आमचा टंडेलही असंच म्हणाला होता. गुजरातच्या ट्रॉलरवर खलाशी होतो तेव्हाची गोष्ट. पाण्यावर रेघ नव्हती. पहाटे त्यांची गस्तीची बोट आली, आमची दोरानं बांधली आणि ओढत कराचीला नेली. टंडेल म्हणाला, चूक झाली म्हणू, संध्याकाळपर्यंत परत पाठवतील. तुरुंगात दोन दिवाळ्या गेल्या.

ते नाव पूर्ण लिहिलं की हात जड होतो. यापुढे नुसतं क.

चालत देश ओलांडायचं किशोर मला काय सांगतो. वाघा सीमेच्या फाटकातून मी चालतच आलोय. पासपोर्ट नव्हता. एक कागद दिला होता, एकदाच चालणारा. तोही फाटकावर काढून घेतला.

बसमध्ये सारखा खिसा चाचपत होतो. पासपोर्ट तर किशोरकडेच ठेवलाय.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तेलाचा हात धुवायचा नाही म्हणून तिळगूळ चमच्यानं खाल्ला. ही बघत होती. "म्हातारपणी हाताला तेल. कोणाचा हात धरायचाय?"

"व्हिसासाठी लावतो."

तोंडातला तीळ उडेपर्यंत हसली. मग शेजारणीला सांगायला गेली. आता वाडीभर झालं असेल.

अंगठ्यावर बारीक रेघा आल्यासारख्या वाटतात. की उगाच.

१८ जानेवारी, रविवार

वेवजीला लाहानूकडे गेलो. पाऊस संपला की तो शेतीतून सुटायचा आणि बोटीवर यायचा. एकाच ट्रॉलरवर होतो. क.लाही एकाच बराकीत. आता गुडघे गेलेत, खाटेवर बसून असतो. त्याचं शेत संपलं की गुजरात. मधे नुसतं एरंडाचं कुंपण.

सांगितलं, मालदीवला चाललोय.

"बोटीनं?"

"विमानानं."

"बरं झालं. विमान कोणी दोरानं ओढून नेत नाही."

व्हिसाचं सांगितलं. त्यानं नीट ऐकलं. "म्हणजे तिथं पोचल्यावर कागद देतात?"

"हो."

तंबाखू चोळून दाढेत धरली. मग म्हणाला, "मग आपल्याला का नाही दिला रे? आपण पण पोचलोच होतो."

खोकला लागेपर्यंत हसलो दोघं. त्याची सून बाहेर आली काय झालं बघायला. मग तो म्हणाला, "माझी गाय रोज गुजरातेत चरून येते. दूध कुठलं, कोणी विचारत नाही. माणसालाच विचारतात."

निघताना मी विचारलं, आपली बोटं घेतली होती ना?

"दहाच्या दहा. शाई लावून. तुझे ठसे एकदम चांगले आले होते, तो शिपाई खूश झाला होता."

"ते कागद कुठं गेले असतील?"

"कुठं जातील. सरकारी कागद कोण टाकतो."

परत येताना जीपमध्ये एकदम आठवलं. किशोर काय म्हणाला होता, सगळं कॉम्प्युटरवर जोडलेलं असतं. मी इतके दिवस तेल लावून लावून ठसे परत आणतोय. ते आले तर क.च्या कागदाशी जुळतील. न आले तर हा माणूस कोण म्हणून बसवतील.

दोन्हीकडून अडकलो.

१९ जानेवारी, सोमवार

तेल बंद. सकाळी हिच्या आधी उठून बोटं मिठात घासत बसलो. खसखसून.

२२ जानेवारी, गुरुवार

हिला कळलं. बोटं फुटून रक्त आलं, मीठ झोंबलं, मी ओरडलो.

सगळं सांगावं लागलं. वाटलं हसेल. हसली नाही. हात धरून पाण्यात बुडवला, जोरात. म्हणाली, "आधी तेल, मग मीठ. तुमचं काय लोणचं घालायचंय?"

मग मी म्हणालो, तू एकटीच जा. माझ्यानं होणार नाही. त्यांनी मला बसवून घेतलं तर तुझा पण खोळंबा, पोरीचा पण. किशोर तुला विमानात बसवेल, जावई उतरवून घेईल.

ती चुलीपाशी गेली. भांडी आदळली. नंतर तिकडूनच बोलली. "दोन दिवाळ्या तुम्ही एका मुलखात आणि मी एका. सुनी तापानं फणफणलेली, मी टोपली घेऊन बाजारात, आणि बायका विचारायच्या, कुंकू लावतेस ते कशावरून. परत ते नाही. गेलो तर दोघं. नाहीतर पोरीला सांगा, तुझी आई येत नाही. तुम्हीच सांगा फोनवर."

फोन केला नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

सुनीताचा फोन. पाय सुजलेत, रक्तदाब वर जातोय. नर्स आहे, स्वतःचंही सांगते ते दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. डॉक्टरांनी काम थांबवलंय. शेवटी एकदम बारीक आवाजात म्हणाली, आई कधी येतेय. तारीख तिला माहीत आहे. तरी विचारलं.

नंतर मला म्हणाली, "बाबा, खिडकीवर ते दोन-तीन प्रश्न विचारतात. कुठं राहणार, किती दिवस, पहिल्यांदाच बाहेर आलात का. पहिल्यांदाच म्हणा. जुनं काही काढू नका."

"ते खोटं होईल."

"तो काय तुमचा गुन्हा होता का?"

नव्हता. पण गेलो तर होतो ना.

ही पाठ करून घेते आता. भाजी चिरताना एकदम विचारते, "पहली बार आया?" मी म्हणायचं, "हां, पहली बार." तिचं हिंदी बाजारातलं. पोलिसाचा आवाज काढते. चार वाक्यं झाली की मी उठून अंगणात जातो.

३१ जानेवारी, शनिवार

सामान. डिंकाचे लाडू, बाळंतकाढा, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या. सुके बोंबील हिनं इतके गुंडाळलेत की वास येणार नाही म्हणते. येतो.

बोटं बरी होत आलीत. खपल्या. आता यंत्राला काय दिसेल देव जाणे.

हिला म्हणालो, मला काही झालं तर तू पुढं जा. पोरीकडे जा. थांबू नकोस.

"झालं तुमचं सुरू," म्हणाली आणि पिशवीची गाठ दातानं आवळली.

२ फेब्रुवारी, सोमवार. विमानात

हाताला काहीतरी काम हवं, म्हणून लिहितो.

किशोरनं गाडीनं मुंबईच्या विमानतळावर सोडलं. आतल्या खिडकीवर आपलाच मराठी माणूस. "काका, पहिल्यांदाच चाललात का?" मी तोंड उघडलं. ही मागून म्हणाली, "हो, दोघं पण पहिल्यांदाच. लेकीचं बाळंतपण आहे." त्यानं शिक्का मारला, "काकू, काळजी घ्या यांची, घाबरलेत," म्हणाला.

मी मान हलवली की नाही, आठवत नाही. खोटं हिनं सांगितलं, पण शिक्का माझ्या पुस्तकावर आहे.

ही खिडकीशी बसलीय. कपाळ काचेला लावून. मला म्हणते, बघा, किती बोटी. मी एकदा बघितलं. खाली सगळं निळं. रेघ कुठंच नाही. आपली हद्द कुठं संपली कोणाला विचारू. विचारायला टंडेल पण नाही.

हवाई बाईनं जेवण दिलं. गेलं नाही. हिनं माझं पण खाल्लं.

खाली जातोय. चहूकडे पाणी, जमीन दिसत नाही. हिनं हात धरलाय. मिठाचा, खरबरीत हात. तिच्या बोटांचे ठसे मात्र येतात.

तोच दिवस, दुपार. विमानतळावर

बाजूच्या खुर्चीवर बसवलंय. लिहायला कोणी मना केलेलं नाही.

ही पुढं होती. खिडकीवर तरुण पोरगा, दाढी कोरलेली, हिंदी येत होतं. हिला विचारलं कुठं, ही म्हणाली, "बेटी. बच्चा होनेवाला." तो हसला. शिक्का. झालं. ही पलीकडे गेली आणि मागं बघत उभी राहिली.

मग मी. बोटं पुढं केली, दहाही. त्यानं बघितलंच नाही. ठशांची काच होती, बाजूला सरकवलेली, तिच्यावर त्याचा चहाचा कप. पासपोर्ट चाळला. कोरा. मुंबईचा एक शिक्का सोडला तर काही नाही.

"चाचा, पहली बार बाहर निकले? पहले किसी देश में नहीं गए?"

पाठ होतं. हां, पहली बार. जिभेवर होतं. पण त्याच्यासमोर पडदा होता, त्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता, आणि मला वाटलं त्याला सगळं दिसतंय. शाईचे ठसे, बराक, लाहानू, सगळं. माहीत असून विचारतोय. खोटं बोललो तर आता खरंच गुन्हा होईल. मागच्या वेळी नव्हता, आता होईल.

म्हणालो, "गया. एक बार. कराची."

"कराची? कब? किस वीज़ा पर?"

"वीज़ा नहीं. बोट से."

त्याचं हसू गेलं. पासपोर्ट पुन्हा पहिल्यापासून चाळला. फोन उचलला, त्यांच्या भाषेत बोलला. एक मोठा साहेब आला, पासपोर्ट घेऊन आतल्या खोलीत गेला. मला म्हणाले, बैठो.

मागच्या रांगेतली माणसं मला बघत पुढं जातात. त्यांचे शिक्के पटापट पडतात. आवाज ऐकू येतो. जावई बाहेर थांबला असेल. सुनीता फोन हातात घेऊन बसली असेल, सुजलेले पाय उशीवर.

ही पिवळ्या पट्टीच्या पलीकडे आहे. मी हातानं सांगितलं, जा. पोरीकडे जा. तिनं बघून न बघितल्यासारखं केलं. पहारेकरी तिला पुढं सरकायला सांगत होता. ती खाली बसली. लादीवर, मांडी घालून, पिशवी पुढ्यात, बाजारात बसते तशी. माणसं तिला वळसा घालून जातात. तिचा आवाज इथपर्यंत येतो. "मेरा आदमी उधर है. आदमी दो, फिर जाएगी." पहारेकऱ्याला कळत नाही काय करावं. लाडवाचा डबा काढून त्याच्यापुढे धरलाय तिनं. त्यानं घेतला नाही. पण हलवतही नाही तिला आता.

मधे फक्त ती पट्टी. उठून चार ढांगा टाकल्या तर मी तिच्याजवळ. इथं तर रेघ आहे, चांगली रंगवलेली, दिसतेय.

आतलं दार उघडलं. मोठा साहेब. माझ्याकडे येतोय. हातात निळं पुस्तक आहे, बोट आत घातलंय, एका पानावर.

शिक्का मारलाय की मारायचा राहिलाय, इथून दिसत नाही.