दोमितिलाचं गजराचं घड्याळ

सान मातेओ,
रविवार, ६ नोव्हेंबर २०२२

प्रिय रोसेंदा,

मनोऱ्यावरची सकाळची घंटा वाजवून खाली उतरलो आणि आधी बोटांवर हिशेब केला. आज तुमच्याकडे घड्याळं मागे गेली. म्हणजे आजपासून मार्चपर्यंत तू माझ्यापासून दोन तास लांब. उन्हाळ्यात एकच तास असतेस. कॅलिफोर्निया किती मैलांवर आहे ते मला सांगता येणार नाही, पण तास पक्के ठाऊक आहेत, एकोणीस वर्षं तेवढंच मोजत आलोय. पत्र बघून घाबरू नकोस. गुडघे सोडले तर तब्येत बरी आहे. दर रविवारी तू फोनवर विचारतेस, ‘आणखी काय, ताता?’ आणि हा तुझा बाप म्हणतो, ‘काही नाही, सगळं ठीक.’ ते ‘काही नाही’ आज कागदावर उतरवायला बसलोय.

बातमी तुला कळलीच असेल. सरकारने घड्याळं फिरवणं बंद केलं. गेल्या रविवारी शेवटचा एक तास मागे घेतला, आणि आता काटे कायमचे तिथेच राहणार, म्हणजे आपल्या गावाच्या वेळेवर. सव्वीस वर्षं आपण एका जागी उभे राहिलो आणि शेवटी सरकारच चालत आपल्या घंटेखाली आलं. चौकात फटाके उडाले, वाजंत्री बोलावली. तुझा चुलतभाऊ होनोरिओ, अख्ख्या गावासारखा तोही मला ताताच म्हणतो, दोन घोट घेऊन माझ्या गळ्यातच पडला. ‘ताता, सरकार हरलं! तुम्ही एकट्याने हरवलंत!’ बायका म्हणाल्या, बाल्तासार म्हातारा आता तरी हसेल. मी हसलो. सगळे बघत होते, हसावं लागलं.

ती पहिली गावसभा तुला आठवते का? तू अकरा वर्षांची होतीस, खांबाला टेकून ऊस खात होतीस. घड्याळं तासभर पुढे करा म्हणून कागद आला होता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, सरकारने वाटल्यास आपल्या खुर्च्या फिरवाव्यात, सूर्याच्या वाटेला जाऊ नये. मागून कुणीतरी म्हातारी ओरडली, ‘आणि माझी गाय सहाला पान्हा सोडते, तिला पाचलाच सोड म्हणून कोण सांगणार? मास्तर, जा बाई, तुम्हीच सांगा तिला!’ हेनारो मास्तर एकटेच सरकारच्या बाजूने बोलले होते, ते बिचारे लाल झाले. सगळ्यांचे हात वर गेले. त्या दिवसापासून गावात दोन वेळा झाल्या. पेरणी, लग्न, मयत, चर्चमधली मिस्सा जुन्या, म्हणजे देवाच्या वेळेवर, आणि शाळा, दवाखाना, बस सरकारच्या वेळेवर. मास्तर शाळेसाठी तासभर पुढे जगायचे म्हणून पोरं त्यांना ‘उद्याचे मास्तर’ म्हणायची. दवाखान्याच्या उद्घाटनाला मोठे साहेब आले ते सरकारच्या दहाला. रिबनपाशी कात्री घेऊन तासभर उन्हात उभे राहिले, समोर फक्त दोन कुत्री. आपण सगळे न्हाऊनधुऊन देवाच्या दहाला पोचलो आणि विचारलं, साहेब, इतक्या लवकर आलात? ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेन! सांगताना मला माझाच अभिमान वाटायचा, ते लपवत नाही.

आपल्या घरात मात्र सरकार होतं. स्वयंपाकघरातल्या फळीवर, तुझ्या आईचं हिरवं गजराचं घड्याळ. तिला मक्याच्या पिठाच्या कोरुंदा पानांत बांधून, उकडून पहाटेच्या बसने उरुआपानच्या बाजाराला न्यायच्या असत, आणि बस सरकारची. एप्रिलमध्ये ती ते घड्याळ पुढे करायची, ऑक्टोबरमध्ये मागे. मी येता-जाता टोमणा मारायचो, ‘काय म्हणतंय तुझं सरकार, उठलं का झोपेतून?’ ती चुलीपासून मान न वळवता म्हणायची, ‘तुमच्या देवाला बस चालवता येत नाही, म्हणून ठेवलंय.’ त्या घड्याळाला पाठीमागे दोन चाव्या होत्या, अगदी जवळजवळ. डावी स्प्रिंग आवळायची, उजवी काटे फिरवायची. रोज संध्याकाळी भांडी झाली की ती हात पुसून डावी चावी द्यायची. बारा वेळा. मी कधीच त्या फळीकडे फिरकलो नाही. मला घंटा होती.

तुझ्या परीक्षेचं मी पुन्हा सांगायला नको, पण सांगतो, कारण मी ते आजपर्यंत कधी तोंडाने बोललेलो नाही. तू अठरा वर्षांची होतीस. अर्ज हेनारो मास्तरांनी भरून दिला होता. शहरातलं शिक्षकांचं विद्यालय, परीक्षा सकाळी आठला, सरकारच्या आठला, बस साडेपाचची. आईने साडेचारचा गजर लावला. तुम्ही दोघी अंधारात निघालात. तुझ्या पिशवीत चार पेन्सिली होत्या आणि उकडलेली दोन अंडी. सडकेवर जाऊन उभ्या राहिलात. बस येईना. आई म्हणत राहिली, ‘आज उशीर करतोय मेला.’ आणि मग माझी घंटा वाजली. देवाचे सहा, म्हणजे सरकारचे सात. तुमच्या हिशेबाने अजून सरकारचे सहाच वाजायचे होते. आईने मला नंतर सांगितलं की तुझ्या हातातली पिशवी खाली गेली. तुमचा गजर वाजत होता तेव्हाच बस गावातून निघून गेली होती. बटाट्याच्या ट्रकने तुम्ही शहर गाठलंत, पण पावणेनऊ झाले होते आणि फाटक आठला बंद झालं होतं. नियम होता. फाटकावरच्या माणसाचाही दोष नाही.

घरी आल्यावर तुझ्या आईने चप्पलही न काढता घड्याळ उचललं, शेजारी पळाली, त्यांच्या रेडिओशी ताडून पाहिलं. बरोबर एक तास मागे. परत आली आणि फळीखाली जमिनीवर बसली. ‘चावी देताना माझ्याच हातून काटा फिरला. माझ्याच हातून.’ तू तिच्याशी भांडली नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू एवढंच म्हणालीस, ‘आई, दोनच चाव्या होत्या गं.’ मास्तर दोनदा येऊन गेले, पुढच्या वर्षी पुन्हा बस म्हणाले. तू म्हणालीस, या गावात मी आणखी एक वर्ष थांबणार नाही. ऑक्टोबरच्या ज्या रविवारी सरकारने घड्याळं मागे घेतली, आणि दोन्ही वेळा पुन्हा एक झाल्या, त्याच रविवारी तू होनोरिओच्या भावांबरोबर उत्तरेला गेलीस. तू सीमा पार झालीस हे कळायला बावीस दिवस लागले. आईने त्या बावीस दिवसांत बाजार केला नाही. पुढे केला, पण गजर लावल्यावर ती रोज शेजारी वेळ विचारून यायची, पुन्हा यायची, पुन्हा विचारायची. शेजारची पोरं हसायची. ‘दोमितिला काकू आल्या, आता पाच मिनिटांनी परत येतील.’ शेवटी शेवटी ती चावी द्यायच्या आधी आपल्या हाताकडे बघत बसायची. सोळा वर्षं मी हे जेवता जेवता बघितलं.

आणि मग तो फेब्रुवारी, आईचा शेवटचा. तुला येणं शक्य नव्हतं. कागदपत्रं नाहीत, एकदा बाहेर पडलीस की तुझ्या पोरीकडे परत जाता येणार नाही, हे तिलाही समजत होतं. होनोरिओचा मोबाईल मी तिच्या कानाशी धरला होता. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. तू म्हणालीस, ‘आई, त्या घड्याळाचं मनात ठेवू नकोस. मी तुला कधीच माफ केलंय.’ तिला बोलता येत नव्हतं. तिने मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली, लहान पोर खाऊ मिळाल्यावर हलवतं तशी. माझा हात अवघडून गेला होता, पण मी फोन काढला नाही. गुरुवारी ती गेली.

या मृतांच्या दिवसाला तुझ्या मावसबहिणीने, चायोने, घरातला देव्हारा मांडला. झेंडूची फुलं, पाव, कोरुंदा, आईचा खांद्यावर घ्यायचा निळा रेबोसो. गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं ठेवावं म्हणून पोरीने फळीवरचं घड्याळही काढलं, पुसलं, चावी दिली आणि फुलांच्या मधोमध ठेवलं. ते चालायला लागलं. मला म्हणाली, ‘ताता, बघा ना, मावशी येईल तेव्हा तिला वेळ कळेल. आणि आता तर वेळही एकच आहे!’ मी त्याच्यासमोर बसलो. आलेगेले मक्याचं गरम अटोले पिऊन गेले, माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला बायकोची आठवण येतेय. आठवण येत होतीच. पण मी घड्याळाच्या पाठीकडे बघत होतो.

तशात सभेने ठराव केलाय. घंटेच्या मनोऱ्यावर दगड बसवायचा, त्यावर माझं नाव. मजकूर हेनारो मास्तरांनीच लिहून दिला, आता तेही थकलेत आणि भांडण विसरलेत. ‘ताता बाल्तासार, ज्याने घड्याळाच्या काट्याला कधीही हात लावला नाही.’ मी नको म्हणालो. सगळे म्हणाले, ताता लाजतात. मी रागावलो, तर म्हणाले, मोठी माणसं अशीच असतात. पंधरा दिवसांत दगड बसेल. गावाला खरं सांगायची हिंमत माझ्यात नाही, आणि या वयात ती येईल असंही वाटत नाही.

रोसेंदा, मी हात लावला होता. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी. आई तुझ्यासाठी काळे बूट मागून आणायला चायोच्या आईकडे गेली होती आणि तू अंगणात केस धूत होतीस. पाण्याचा आवाज येत होता. मी फळीवरून घड्याळ घेतलं, हात विजारीला पुसले आणि उजवी चावी फिरवली, एक तास मागे. सूर्याच्या वाटेला जाऊ नका म्हणून गावाला शिकवणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाच घड्याळ फिरवलं, ते तुझं. देवासाठी नाही, गावासाठी नाही. मला भीती वाटली, एवढंच. गेलेलं कुणी परत येत नाही असं वाटायचं, आणि तुझ्या आवाजाशिवाय हे घर मला नको होतं. वाटलं, पोरगी महिनाभर रडेल, मग राहील. विद्यालय दोन तासांवर होतं, तू दर शनिवारी घरी आली असतीस. सकाळी मी मनोऱ्यावर चढलो आणि घंटा अगदी वेळेवर वाजवली. मग आई जमिनीवर बसली तेव्हा बोलायला हवं होतं, तू गेलीस तेव्हा बोलायला हवं होतं, आणि फोन तिच्या कानाशी होता तेव्हा तर नक्कीच. तिने नसलेल्या चुकीची माफी घेतली आणि खूश होऊन गेली. ती माफी तिच्याकडून परत घे, पोरी. तिने काहीच केलं नव्हतं, तिचा हात कधीच चुकला नव्हता. जमलं तर तिच्यासाठी तिथे एक मेणबत्ती लाव आणि तूच तिची माफी माग. मला देऊ नकोस, मी मागतही नाही. तू दर रविवारी तुझ्या चारला फोन करतेस. थंडीत माझे सहा वाजतात, मी पाचपासून बसलेला असतो. पत्राला किती दिवस लागतात ते मला ठाऊक नाही. ज्या रविवारी फोन येणार नाही, त्या दिवशी मी समजेन की पत्र पोचलं.

लिहायचा हक्क राहिला नाही तरी,
तुझाच
ताता