दामलेकाकांचे डोळे

४ फेब्रुवारी १९६४, मंगळवार
मुंबईच्या नेत्रपेढीचं पत्र आलं. माझ्या तीन पत्रांना एक उत्तर, तेही चार ओळी. जमनीचं नाव यादीत घेतलंय. डोळा तुमच्याच भागातून मिळाला तर लगेच बोलावू, नाहीतर 'यथाक्रम'. यथाक्रम म्हणजे कधी, ते लिहायला शाई संपली असावी.

जमनी रानशेतची. एक डोळा लहानपणीच देवीने नेला. दुसऱ्यात गवत कापताना पातं घुसलं. दवाखान्यात आली आठ दिवसांनी, तोवर बुबुळावर पांढरं फूल पडलेलं. मुलगी झाली त्यानंतर. पोर आता सात महिन्यांची. हाताने तिचं तोंड चाचपते आणि मला विचारते, 'बाय, नाक कुणासारखं हाय?'

डॉ. म्हणतात, 'सिस्टर, हे डोळ्यांचं खूळ तुमचं. तुम्हीच निस्तरा.' निस्तरते. मुंबईला पंधरा दिवस नेत्रदानाचं शिकायला पाठवलं होतं ते काय राणीचा बाग बघायला?

११ फेब्रु., मंगळ
ड्यूटीनंतर दामलेकाकांकडे. डहाणू रोडला मालधक्क्यावर क्लार्क होते, रिटायर होऊन दहा वर्षं झाली. गेल्या वर्षी स्वतः येऊन नेत्रदानाचा फॉर्म भरला. अख्ख्या तालुक्यात माझ्याकडे फॉर्म पाच, त्यातला हा पहिला. पायांवर सूज, धाप. आता फार दिवस नाहीत.
मला म्हणाले, 'सुमती, माझ्या डोळ्यांना मुंबईचा पास काढावा लागेल का गं?'
काकू हसल्या नाहीत. मी हसले. मग वाईट वाटलं.

१२ फेब्रु., बुध
सकाळी सातला काका गेले. काकूंनी शेजारणीला माझ्याकडे धाडलं, रडण्याआधी. सहा तासांच्या आत डोळे काढायचे, हे त्यांच्या नीट लक्षात होतं. माणसं असतात अशी.

डॉ.ना उठवून नेलं. तर दारात मुलगा, शरद, उभा. 'पुढच्या जन्मी बाबा आंधळे जन्मतील त्याचं काय?' अर्धा तास हेच. मी समजावते, तो ओरडतो, डॉ. घड्याळ बघतात. मधेच आठवलं, थर्मासमध्ये बर्फ भरायचाय. तो मी स्वतः भरायचा असतो. आज थर्मास वॉर्डबॉयच्या हाती खाडीवरच्या बर्फखान्यात मगनभाईंकडे पाठवला. म्हटलं, एक दिवस.

शेवटी काकू आतून बाहेर आल्या. 'शब्द त्यांचा होता. तू ओटीवर बस, शरद.' बसला.

डोळे छान निघाले. बुबुळं अगदी स्वच्छ. बाटली थर्मासमध्ये, थर्मास दुपारच्या पॅसेंजरच्या गार्डकडे. एस.टी.च्या कंडक्टरबरोबर रानशेतला निरोप गेला होता, जमनी, तिचा नवरा लहानू आणि पोर धावत आली. त्याच गाडीत बसवलं. मला रजा नाही. जमनीने खिडकीतून माझा हात सोडला नाही, गाडी हलेपर्यंत.
आज फार बरं वाटतंय. लिहून ठेवते.

१३ फेब्रु., गुरु
पोस्टात मुंबईचा ट्रंककॉल. तिथले सर्जन. 'सिस्टर, डोळे गोठलेत. दोन्ही. बुबुळं दुधासारखी झालीत. पेशंटला टेबलावर घेतलं होतं, उतरवली.'
मी म्हटलं, बर्फातच तर पाठवले होते. ते म्हणाले, 'गार ठेवायचे होते. गोठवायचे नव्हते.' फोन ठेवला.
पापण्यांचे केस कापून तयार केली होती तिला. उतरवली.

१४ फेब्रु., शुक्र
बर्फखान्यात गेले. मगनभाई खूष होते. 'बेन, अंदर मीठुं नाख्युं हतुं. पापलेट तो मुंबई लगी कडक रहे छे.' मासळीच्या पेट्यांत घालतात तसं मूठमूठ मीठ घातलं त्यांनी. न सांगता. प्रेमाने. मेलेल्या मास्तरांसाठी म्हणून पैसेही घेतले नव्हते (ते काकांना मास्तर म्हणत).

कुणावर ओरडू? आइस्क्रीमच्या पॉटला मीठ मी स्वतः घालते दर उन्हाळ्यात. मीठ घातलं की बर्फ जास्त गार होतो, हे मला ठाऊक आहे. पण डोळे गोठू द्यायचे नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? मी नाही. नुसता थर्मास पाठवला, त्याबरोबर एक चिठ्ठी नाही.

डॉ.ना सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'रिपोर्टात लिहा, दात्याचं वय जास्त, डोळे निकामी.'
म्हणजे काकांवर ढकलायचं. त्यांना तेवढीच सोय, ते उठून भांडणार नाहीत. मी लिहिलं: बर्फात मीठ होते, भरताना मी हजर नव्हते. सही.
डॉ. : 'असं लिहिलंत तर तलासरीला बदली करीन.'
मी : 'करा. तिथेही माणसं मरतात.'
असं बोलायला नको होतं. पण बोलले ते बोलले.

१७ फेब्रु., सोम
जमनी आली, लहानूच्या खांद्यावर हात ठेवून. पापण्यांचे खुंट टोचतात म्हणून सारखी डोळा चोळत होती. तिला मुंबईत काहीच नीट सांगितलं नाही. मीही काय सांगितलं? 'डोळा बसला नाही गं.'
'नशिबात नाय तर तू तरी काय करशील, बाय.' उलट माझीच समजूत घालून गेली. पिशवीतून दोन कोहळे काढून टेबलावर ठेवले.
रिपोर्टात खरं लिहिणारी मी. जमनीसमोर तोंड शिवलं होतं का माझं? रिपोर्ट तिला वाचता येत नाही, म्हणून?

२४ फेब्रु., सोम
काकांचं तेरावं. काकूंनी बोलावलं. डॉ.ची ताकीद होती, 'डोळे बसले म्हणून सांगा, म्हातारीला समाधान.' जेवणं आटोपल्यावर काकूंनी मला मागच्या खोलीत नेलं. 'लागले का गं कुणाला?'
सांगितलं. गोठले. मासळीच्या मिठाने. माझी चूक.

शरद दाराशीच होता, त्याने ऐकलं. 'बघ आई, पापलेटासारखं खारवलं बाबांना!' काकूंनी त्याला जा म्हटलं. मग बराच वेळ पाटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील, किंवा मला हाकलतील. मी दोन्हीला तयार होते.
'ज्या मुलीला मिळायचे होते, तिला सांगितलंस हे?'
मी म्हटलं, नाही.
'मग मला कशाला सांगायला आलीस? माझं तर माणूस गेलेलंच होतं. नुकसान तिचं झालंय.'
इतका राग आला त्यांचा. बरोबर बोलल्या म्हणून.

२५ फेब्रु., मंगळ
रजा टाकली. मंजूर नाही झाली. गेले. एस.टी.ने रानशेत, पुढे पाड्यापर्यंत चालत.
जमनी अंगणात पोरीला तेल लावत होती. सगळं सांगितलं, मीठ, थर्मास, मी नव्हते ते. नशीब नव्हे, मी. लहानू उठून कुडाच्या मागे गेला, तिथून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. जमनी तेल लावतच राहिली.
'त्या दिशी सांगितलं का नाय?'
'लाज वाटली.'
'मी लहानूला शिव्या दिल्या. बोलले, तुझ्या घरात आले आन नशीब फुटलं. इतके दिस तो ऐकून घेतो हाय.' मग म्हणाली, 'आता?'
आता दुसरा डोळा मिळेपर्यंत थांबायचं, मी म्हटलं.
'म्हंजे कुणीतरी मरलं पायजे.'
'हो.'
'आन मी वाट बघू. कुणी मरतं का, ती.'
यावर कुणी शिकवलं नाही मला काही. पंधरा दिवसांत बाटली कशी धुवायची ते शिकवलं.
तिने पोरीला उचलून माझ्या मांडीवर दिलं, तेलाच्या अंगाने. 'नाक सांग. आज खरं सांग.'
'तुझ्यासारखं आहे. बसकं.'
'हां,' म्हणाली.

२ मार्च, सोम
बिनपरवानगी रजेबद्दल मेमो. टेबलावर आहे. उत्तर लिहायचंय.

बायकांच्या वॉर्डात सहा नंबरला कोसबाडची म्हातारी, शाळामास्तरांची सासू. शनिवारपासून लघवी नाही. डोळे मात्र लख्ख. मी पहिल्या दिवशीच टॉर्च मारून पाहिले. ब्लडप्रेशरच्या आधी. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आज परत पाहिले.

जमनी काल रात्रीच्या मुक्कामाला आशागडला नात्यात आली आणि सकाळपासून इथे व्हरांड्यात बसून आहे. मी बोलावलं नव्हतं. विचारलं, का आलीस, तर म्हणाली, 'घरी बसून वाट बघते, ती इथं बघते.'

अकराला म्हातारीची मुलगी पेज भरवत होती. अर्धी पेज ओघळत होती, ती पदराने पुसून पुन्हा चमचा लावत होती. फॉर्म माझ्या खिशात. विचारायचं तर आजच विचारायला हवं, शुद्ध हरपल्यावर उपयोग नाही. पलंगापाशी गेले.
मुलीने वर पाहिलं. 'सिस्टर, आईला आज जरा बरं वाटतंय ना?'
दाराबाहेर जमनी. आवाजाच्या दिशेला तोंड करून.
मी म्हटलं, 'हो.'