जुना टर्बो परत बसवण्याची नोटीस मलाच मिळणेबाबत

दि. १८ जानेवारी २०२५

प्रति,
मा. उप प्रादेशिक परिवहन अधिकारी,
उप प्रादेशिक परिवहन कार्यालय, जालना.

अर्जदार : सौ. दीपमाला मिथुन बोर्डे, रा. केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना.

विषय : आमच्या डिझेल गाडीचा कंपनीचा टर्बो काढून मोठा बसवल्याबद्दल कडक नोटीस मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयातील "वाहनात परस्पर बदल करणे गुन्हा आहे" हा फलक. (शिकाऊ परवान्याच्या रांगेत उभी असताना तोंडपाठ झाला.)

महोदय,

१. सविनय सादर करते की, गरोदरपणी तपासणीसाठी मी याच गाडीतून जालन्याला ये-जा करीत असे. गाडीच्या मूळ टर्बोला (पतींच्या भाषेत, इंजिनात हवा कोंबून जोर आणणारा पंखा) बारीक, गोड शीळ होती. ती सुरू झाली की पोटातली चुळबुळ शांत व्हायची. पुढे मुलगी कु. अक्षता (वय दहा महिने) हिला त्याच शिळेवर झोपायची सवय लागली. पती एमआयडीसीतून सकाळपाळी करून आले की एक चक्कर मारायची. गाडी गावाबाहेर निघेपर्यंत तिचे डोळे जड. ती उठेपर्यंतचा वेळ माझ्या बी.ए.च्या पुस्तकांचा. दिवसातला माझा म्हणावा असा तेवढाच.

२. मागच्या महिन्यात भोकरदन रस्त्यावर देवानंद नावाच्या इसमाने आमची गाडी मागे टाकली व काचेतून डोके काढून "दाजी, उतरून धक्का देऊ का?" असे उद्गार काढले. सदर इसम माझा सख्खा भाऊ आहे. तरी त्याच्यावर स्वतंत्र कारवाई झाल्यास माझी हरकत नाही. पती त्या दिवशी नीट जेवले नाहीत. त्याच आठवड्यात पप्पू मिस्त्रीकडून मोठा टर्बो बसवून आले.

३. मोठ्या टर्बोला जोर यायला वेळ लागतो. पती म्हणतात, "थांब, जोर येऊन राह्यलाय." जोर येतो तेवढ्यात गतिरोधक येतो. काल मक्याची ट्रॉली आम्हाला ओलांडून गेली. माझ्या सासूबाई कांताबाई यांचे म्हणणे असे, की "ही गाडी आधी इचार करती, मंग पळती."

४. शीळ गेली ती गेलीच. आता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी "फुस्स" करते. अक्षता झोपायचे सोडून टाळ्या पिटते आणि पुढच्या फुस्सची वाट बघते. पती म्हणतात, "बघ, आवडलं का न्हाई तिला!" प्रस्तुत अर्जसुद्धा मी तिला एका हाताने थोपटत, जमेल तसा तुकड्यातुकड्याने लिहिला आहे. अक्षर बदलत गेले असल्यास क्षमा असावी.

५. परवा मुलीने आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला. तो "आई" नव्हता. "बाबा"ही नव्हता. तो "फुस्स" होता. घरात पेढे वाटण्यात आले. मी पेढा खाल्ला नाही, याची नोंद व्हावी.

६. जुना टर्बो सुस्थितीत असून सासूबाईंनी तो पाण्याच्या टाकीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवला आहे. त्यांच्यासाठी पर्यायी दगड मी पाहून ठेवला आहे. पप्पू मिस्त्री टर्बो परत बसवायला राजी आहे. फक्त पती राजी नाहीत. मी सांगून थकले. बायकोच्या बोलण्यावर सरकारी शिक्का नसतो.

७. आता खरी अडचण. मुलगी झाली तेव्हा पतींनी मोठ्या हौसेने गाडी माझ्या नावावर केली. म्हणजे कायद्याने गुन्हेगार मी. तरी नोटीस माझ्याच नावाने काढावी, ही विनंती. त्यांच्या नावाची आली तर ते खिशात घालून मित्रांना दाखवत हिंडतील. माझ्या नावाची आली तर टर्बो त्याच दिवशी उतरेल. मला साधी विळी लागली तरी त्यांचा चेहरा उतरतो. म्हणून तुरुंगाचा उल्लेख ठळक अक्षरात असावा. प्रत्यक्षात नेऊ नये. न्यायचेच झाल्यास अक्षता माझ्यासोबत येईल, आणि ती झोपत नाही हे वर नमूद केलेच आहे.

८. नोटीस रविवारी पोचेल असे पाहावे, पती घरी असतात. मी घाबरण्याची तयारी करून ठेवली आहे. फक्त नोटीस आणणाऱ्याने कडी वाजवू नये, हळूच हाक मारावी. चुकून पोरीचा डोळा लागलेला असायचा.

आपली नम्र व नोटिशीच्या प्रतीक्षेत,

(सौ. दीपमाला मिथुन बोर्डे)

सोबत :
१. गाडीच्या आर.सी.ची प्रत (मालक : मीच).
२. टाकीच्या झाकणावरील जुन्या टर्बोचा फोटो.
३. पतीचे संमतीपत्र : मागितलेले नाही.